विनोदांचा परीक्षक

अर्लीनने मक्याच्या वाळलेल्या धाटांची पेंढी पोर्चच्या खांबाला तारेने आवळली, आणि मागे खुर्चीत बसलेला तिचा नवरा माइलो खो खो हसला.

तार हातात धरून ती तशीच थांबली. पेंढी वाकडी झाली होती का? दोन पावलं मागे जाऊन तिने पाहिलं. वाकडी नव्हती. शेवंतीची कुंडी कलंडली नव्हती. बुजगावण्याची टोपी, गवताच्या भाऱ्यांवरचे भोपळे, दारावरचं लाल पानांचं कडं, सगळं दर वर्षीच्या जागी होतं. शेवटी तिने स्वतःच्या स्वेटरची बटणं तपासली.

"काय झालं रे?"

माइलो हसतच राहिला. मग हसू जसं आलं तसं गेलं, आणि तो समोरच्या मेपलच्या झाडाकडे बघू लागला. आत्ता जे कोणी हसलं ते शेजारच्या घरातलं असावं, असा त्याचा चेहरा होता.

वसंतात आलेल्या अर्धांगाच्या झटक्याने त्याचा उजवा हात नेला आणि सगळे शब्द नेले. तो मान हलवी, पण हो म्हणायलाही तशीच आणि नाही म्हणायलाही तशीच. हसण्यारडण्याचं काय झालं ते समजावताना डॉक्टरांनी मेंदूचं चित्र काढलं, त्यात एक बाण इकडून तिकडे काढला, एक तिकडून इकडे, आणि मग दोन्ही खोडले. हसू आणि रडू आता केव्हाही येईल, त्याच्या मनात काय चाललंय याच्याशी त्याचा संबंध असेलच असं नाही, असं त्यांचं म्हणणं. "अर्थ लावायच्या फंदात पडू नका," ते म्हणाले. जन्माचा संसार केलेल्या बाईला हा सल्ला देणाऱ्या डॉक्टरांचं लग्न अजून व्हायचं होतं.

अर्लीन अर्थ लावायच्या फंदात पडली, आणि जास्तच गोंधळली. माइलो हवामानाच्या बातम्यांना रडे. सकाळी शर्ट चढवताना ती त्याचा हात उलट्या बाहीत घाली आणि मग चुकलं म्हणून पुटपुटे, तेव्हा तो हुंदके देई. तिच्या भावाच्या, एमिलच्या अंत्यविधीला पाद्री प्रार्थनेच्या मध्यावर असताना तो इतका मोठ्याने हसला की ऑर्गन वाजवणारीने घाबरून पुढचं गीत सुरू केलं. "एमिलला हे आवडलं असतं," लोक बाहेर पडताना म्हणाले. एमिलला कधीच काही आवडत नसे.

आता पोरांची संध्याकाळ उद्यावर येऊन ठेपली होती.

इतर ठिकाणी पोरं हॅलोविनच्या दिवशी सोंगं घेऊन दारोदार फिरतात. इथे, द मॉइन शहरात, ती आदल्याच संध्याकाळी निघतात, आणि नुसता हात पुढे केला तर त्यांना काही मिळत नाही. आधी विनोद सांगावा लागतो. बहुतेक घरांतली माणसं विनोद अर्धा ऐकून चॉकलेट देऊन मोकळी होतात. माइलो वोंद्राक तसा नव्हता. जन्मभर शाळेची बस चालवलेला माणूस. पोरांच्या बाबतीत फसवणूक त्याला खपत नसे. तो पायरीवर बसे, डोळे मिटून पूर्ण विनोद ऐके, आणि मगच निकाल देई. बरा असला तर एक चॉकलेट. खरंच हसू आलं तर ओंजळभर. आणि फारच वाईट असला तर, "जा, झाडाला वळसा घालून ये, तोवर सुचेल." या गल्लीतल्या अर्ध्या बापांनी लहानपणी त्या झाडाला वळसे घातले होते.

जोलीन हॅगन रस्ता ओलांडून आली ती याच विषयावर. ती समोरच राहायची आणि गल्लीच्या सुरक्षित हॅलोविन समितीची अध्यक्ष होती. समितीत ती एकटीच होती, त्यामुळे ठराव लवकर मंजूर होत. तिने भोपळ्यांतल्या मेणबत्त्या काढून बॅटरीचे दिवे आणले होते. तिच्या सांगण्यावरून गेल्या वर्षी सगळ्या चेटकिणींच्या पाठीवर चमकत्या पट्ट्या चिकटल्या, आणि लांबून पाहणाऱ्याला वाटलं की रस्ता खोदायला माणसं आलीत.

"छान दिसतंय गं," ती म्हणाली. मग आवाज खाली करून, "माइलो, कसा आहेस?"

माइलोच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"बघ," जोलीन म्हणाली. "हेच मी म्हणते."

"हेच म्हणजे?"

"अर्लीन, चिडू नकोस. पोरं येणार ती हसवायला. आणि हा समोर असा. एखादं लहानगं जन्मभर लक्षात ठेवेल, की आपण विनोद सांगितला आणि म्हातारबाबा ढसाढसा रडले."

"गेल्या वर्षी तुझ्या अंगणात करवतीने कापलेला माणूस होता."

"तो प्लास्टिकचा होता. आणि रक्त मी पुसून घेतलं होतं." जोलीनने तिच्या हातातली तार घेतली आणि उरलेलं टोक कुणाला टोचू नये म्हणून आत वळवलं. "मी सांगते ते ऐक. चर्चच्या पार्किंगमध्ये डिक्क्यांचा कार्यक्रम आहे. सगळे आपापल्या गाडीची डिक्की सजवतात, पोरं या डिक्कीकडून त्या डिक्कीकडे जातात, ना अंधार ना रहदारी. तू तिथे ये. मुलीला बोलाव त्याच्याजवळ बसायला. पोर्चचा दिवा बंद ठेव, म्हणजे इकडे कुणी फिरकणार नाही. लोक समजून घेतील."

"लोक समजूनच घेतायत वसंतापासून," अर्लीन म्हणाली. "भेटायला मात्र कुणी येत नाही."

जोलीन निघाली. गेली चार पावलं, आणि वळून म्हणाली, "मी त्याच्या भल्यासाठीच म्हणते."

ते खरंच होतं, हीच पंचाईत होती.

दुसऱ्या दिवशी अंधार पडू लागला तेव्हा अर्लीन दाराच्या आत, दिव्याच्या बटणाजवळ उभी होती. दिवा लागला तर पोरं येणार. नाही लागला तर घर ओलांडून पुढे जाणार. एक वर्ष घर ओलांडलं की पोरांना तशीच सवय होते, हे तिला माहीत होतं. पुढच्या वर्षी ती मोठी होतात, नवी येतात, आणि त्या नव्यांना इथे कोण बसायचं ते ठाऊक नसतं. माइलो चादर पांघरून पोर्चमध्ये बसला होता, मांडीवर चॉकलेटांचं पातेलं. त्याला तिनेच बसवलं होतं. त्याला तिथे बसायचं होतं की नाही ते तिला कळलं नव्हतं.

"माइलो, लावू का दिवा?"

तो रडू लागला.

ती वाट पाहत राहिली. रडणं थांबलं नाही, आणि त्याचा अर्थ होही होत नव्हता आणि नाहीही. मग तिचा हात जन्माच्या सवयीने वर गेला आणि दिवा लागला.

माइलोचे डोळे कोरडे झाले तेव्हा पहिला आला तो गल्लीतल्या शेवटच्या घरातला समुद्री चाचा. झाडाजवळ थोडा घुटमळला, मग पायऱ्या चढला.

"वोंद्राक आजोबा, भूत लिफ्टने का जात नाही?"

माइलोने डोळे मिटले.

"कारण बटण दाबायला गेलं की बोट आरपार जातं!"

माइलोचा ओठ थरथरला, खांदे हलले, आणि तो रडायला लागला. मोकळेपणाने, तोंड उघडून. चाच्याची तलवार खाली आली.

"मी काय केलं?" त्याने अर्लीनला विचारलं.

"काही नाही रे राजा." तिने सांगायचं ठरवून ठेवलं होतं, आजोबा आजारी आहेत, आत डोक्यात असं असं झालंय. तोंडून निघालं ते वेगळंच. "विनोद फार चांगला होता, म्हणून."

"म्हणून रडले?"

"हो. यंदा तसंच आहे."

पोराने माइलोकडे नीट पाहिलं. "म्हणजे खूपच चांगला होता?"

"बघतोयस ना."

त्याने ओंजळ भरून घेतली, पायऱ्या एका उडीत उतरला आणि गल्लीभर ओरडला, "ए, मी वोंद्राक आजोबांना रडवलं!"

त्यानंतर रांग लागली. एक सांगाडा, दोन मधमाश्या, एक दाढीवाली राणी. सांगाड्याच्या विनोदाला माइलोच्या डोळ्यांत नुसतंच पाणी तरळलं, तर तो वैतागून म्हणाला, "थांबा, मी दुसरा सांगतो," आणि न सांगता झाडाला वळसा घालून आला. मधमाश्यांना हुंदका मिळाला. राणीला काहीच मिळालं नाही आणि ती भांडू लागली, की मधमाश्यांनी तिचाच विनोद चोरला. फुटपाथवर आईबाप कॉफीचे पेले घेऊन उभे होते. टाळ्या वाजवाव्यात की रुमाल काढावा ते त्यांना ठरवता येत नव्हतं. एका बापाने आधी एक केलं आणि मग दुसरं. अर्लीन पातेलं भरत होती. आपण खोटं बोललो हे तिला टोचत होतं, आणि हे खोटं दर विनोदाला जास्त खरं दिसतंय, हे त्याहून टोचत होतं.

डिक्क्यांचा कार्यक्रम आटोपून जोलीन आली ती नातीला घेऊन. नात, नेल, पहिलीत होती आणि मायक्रोवेव्ह झाली होती. खोक्याला पुढून दार, बाजूला चांदीच्या कागदाची बटणं, मागून पुढून चमकत्या पट्ट्या. जोलीनने रांग पाहिली, माइलोचा भिजलेला चेहरा पाहिला.

खोकं सांभाळत नेल पायऱ्या चढली.

"मला विनोद येत नाही," ती म्हणाली.

"मग झाडाला वळसा!" मागून मधमाशी ओरडली.

"आमचा ससा मेला," नेल म्हणाली.

आणि माइलो हसला.

गडगडाटी हसला. खुर्ची करकरली. जोलीन धावत पायऱ्यांपाशी आली. "नेल, चल बाळा, आजोबांना बरं नाही..."

"यात हसण्यासारखं काही नाहीये," नेल माइलोला म्हणाली.

तो आणखी हसला. चेहरा लाल झाला, आणि त्या लाल चेहऱ्यातून त्याचे डोळे तिच्याकडे असे लागले होते की ती मागे सरली नाही. तिने त्याला खालून वर न्याहाळलं, मग अर्लीनकडे वळली.

"विनोद ऐकून हे रडतात ना?"

"हो," अर्लीन म्हणाली. दुसरं म्हणायची सोय तिने ठेवली नव्हती.

"मग सशाचं त्यांना वाईट वाटलं."

अर्लीनने पातेलं नेलपुढे सरकवलं.

"त्याचं नाव वॅफल होतं," नेल माइलोच्या जवळ जाऊन सांगू लागली. "आजी म्हणाली दुसरा आणू. बाबा म्हणाले ससेच ते, मरायचेच. तो माझ्या बुटात झोपायचा. अजून त्या बुटाला वास येतो."

एकेका वाक्याला माइलो हसत होता, पोट धरून, श्वास लागेपर्यंत. नेल प्रत्येक वेळी थांबे, त्याला पुरतं हसू देई, मान डोलवी आणि पुढचं सांगे. सांगून झाल्यावर तिने खोक्याचं दार उघडलं, त्यात ओंजळभर चॉकलेटं टाकली, दार लावलं आणि उतरली. जोलीन तिच्या मागे गेली. जाताना तिने अर्लीनकडे पाहिलं, काहीतरी विचारायचं असल्यासारखं.

गल्ली हळूहळू रिकामी झाली. अर्लीनने दिवा मालवला आणि आत जायच्या ऐवजी गवताच्या भाऱ्यावर, माइलोशेजारी बसली. भोपळ्यातल्या बॅटरीच्या उजेडात त्याचा चेहरा शांत होता.

पोरीचं म्हणणं धरलं तर एमिलच्या वेळी... तिने मागे जायला सुरुवात केली, आणि शर्टाच्या उलट्या बाहीपाशी येऊन थबकली. रोज सकाळी तो तिथे हुंदके द्यायचा. ती रोज सकाळी बाथरूममध्ये जाऊन त्यावर रडायची. डॉक्टरांनी अर्थ लावू नका म्हटलं होतं. डॉक्टर शिकलेले होते. नेलला अजून बुटाची नाडी बांधता येत नव्हती.

"आज मजा आली ना?" तिने विचारलं.

तो मेपलकडे बघत होता.

तिने चादर त्याच्या गुडघ्यांवर सारखी केली. मग हात तिथेच राहू दिला.

"माइलो, मला एकटीला हे जमत नाहीये," ती म्हणाली. हे ती कुणालाच बोलली नव्हती, मुलीलाही नाही. "तुला उचलता येतं, भरवता येतं, ते नाही म्हणत. तू इथे आहेस की नाही तेच मला कळत नाही. मी दिवसभर एकटीच बोलते."

माइलो वळला. डावा हात चादरीवरून चाचपडत आला, तिच्या मनगटावर पडला, आणि तो हसला. आजच्या संध्याकाळभरात हसला नव्हता इतका. छातीच्या तळापासून, थांबता थांबेना, खुर्ची हलेपर्यंत. तिचं मनगट त्याने घट्ट आवळलं होतं.

रस्त्यापलीकडे जोलीन आपल्या भोपळ्यांच्या बॅटऱ्या काढत होती. ती ताठ झाली आणि अंधारात इकडे वळली.

"अगंबाई, हा तर हसतोय!" तिचा आवाज खुलला. "आणि किती मनापासून! काय सांगितलंस गं त्याला?"

अर्लीनने मनगट सोडवून घेतलं नाही.

"विनोद," ती म्हणाली.

"मला पण सांग की!"

"नको. तुला नाही हसू यायचं."