वेगळ्या देवांची किडनी

दुपारी डायलिसिसच्या खोलीत मशीन अशा लयीत घरघरायचं की जागा माणूसही अर्धवट झोपेत चालायचा. खिडकीतून मोहाच्या फुलांचा वास यायचा. कमला सिस्टरला वाटायचं, ही खोली दवाखान्यात नाहीच, जंगलावर कुठेतरी तरंगते आहे. आज मात्र तिला त्या गुंगीत शिरवेना.

खाटेवर पोचू झोपला होता, पायथ्याशी त्याची बायको मंगली. आठवड्यातून दोनदा, सलग दोन वर्षं, ही जोडी आरमोरीकडच्या पहिल्या बसने यायची. पहिल्याच महिन्यात मंगलीने विचारलं होतं, "बाई, माही किडनी नाई चालत का याले?"

कमलाला ठाऊक नव्हतं. पण डॉक्टरांना विचारायचं, तर वीस वर्षं नोकरी झालेल्या सिस्टरला कमीपणा! उथळ पाण्याला खळखळाट फार. तिने ठोकून दिलं, "रक्ताचंच नातं लागते. बायकोची नाई चालत."

मंगलीला ते लगेच पटलं. तिच्या गोंड रीतीत तितकेच देव पुजणारे ते एका रक्ताचे भाऊबंद; म्हणून नवरा-बायकोचे देव वेगळेच असावे लागतात. पोचू सहा देवांचा, ती सात देवांची. म्हणूनच तर लग्न जमलं होतं. "बराबर हाये. आमचे देवच येगळे," असं म्हणून तिने तो विषय पुन्हा काढला नाही.

आणि काल चंद्रपूरच्या प्रशिक्षणात डॉक्टर सहज बोलून गेले, तपासण्या जुळल्या तर बायकोही किडनी देऊ शकते. सगळे चहाला उठले. कमला खुर्चीतच बसून राहिली.

आता ती मंगलीजवळ येऊन टेकली. तिला लाज वाटत होती, भीतीही. "मंगली, म्या तुले चुकीचं सांगतलं. तुही किडनी चालू शकते. तपासा लागते, पण चालू शकते. मले माहीत नोयतं, अन् म्या कोणाले विचारलं नाई."

मंगली नवऱ्याच्या सुजलेल्या पावलांकडे स्वप्नात असल्यासारखी पाहत होती. तिने शिव्या घातल्या असत्या तर कमलाला बरं वाटलं असतं.

"म्हणजे देवाईचा दोस नोयता," मंगली हळूच म्हणाली. "दोन मोसम झाले बाई, म्या त्याईले मोहफूल नाई वाह्यलं. रागात."

मग तिने बांगड्या वर सारल्या आणि उघडा हात कमलाच्या मांडीवर ठेवला.

"घे रक्त. तो उठाच्या आंधी घे. उठला तं नाई म्हणन."