मोजणीची घंटा

सभागृहाच्या दारातच बायकोने त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावलं आणि आपली अट पुन्हा एकदा ऐकवली. मागच्या रांगेत बसायचं, कुणाशी बोलायचं नाही. त्याने मान हलवली. तुरुंगातून सुटून त्याला दोन महिने झाले होते आणि गल्लीच्या लेखी तो तीन वर्षं बोटीवर नोकरीला होता. हे बोटीचं तिनेच रचलं होतं आणि एकटीने निभावलंही होतं. बंदरांची नावंसुद्धा तिला तोंडपाठ झाली होती.

आजचा कार्यक्रम तुरुंगात रचलेल्या गाण्यांचा होता. आतल्या माणसांचे दिवस कसे जातात ते बाहेरच्यांना कळावं म्हणून वस्तीतल्या गाणाऱ्या मंडळींनी तो बसवला होता. त्यातल्या एका गाण्याची चाल त्याची होती. ती एकदा ऐकायची, सुटल्यापासून एवढा एकच हट्ट त्याने केला होता.

नेमके पुढच्याच रांगेत इस्त्रीवाले काका येऊन बसले. त्यांच्या दुकानात कपड्यांबरोबर अख्ख्या गल्लीच्या बातम्या यायच्या आणि घरोघर पोचायच्या. बायकोने खुर्ची जरा मागे सरकवली.

त्याचं गाणं सुरू झालं. चाल तीच, फक्त जरा घाईत. त्याच्या पायाने ठेका धरला. दुसऱ्या कडव्यानंतर वाजवणाऱ्याने पितळी घंटेवर तीन ठोके दिले. आत संध्याकाळी कैद्यांच्या मोजणीला द्यायचे, अगदी तसेच.

तो उभा राहिला. हात मांड्यांना चिकटलेले, नजर समोर. आपण उभे आहोत हे त्याच्या ध्यानात आलं, तेव्हा भोवतालचे सगळे बसलेले होते.

“अहो, बसा ना,” बायको त्याचा शर्ट ओढत कुजबुजली. इतकं जपलेलं बिंग फुटलं होतं. तिला रडूच यायला लागलं.

तेवढ्यात पुढची खुर्ची करकरली. इस्त्रीवाले काकाही उभे होते, तसेच, हात मांड्यांना लावून. मानेवर घाम आला होता. त्यांनी हळूच मागे वळून पाहिलं.

“किती?”

“तीन वर्षं.”

“माझी पाच. इथे राहायला यायच्या आधीची.”

ज्यांच्या पोटात काही राहत नाही म्हणून सगळी गल्ली टरकून असायची, त्यांनी हे एवढं पोटात ठेवलं होतं. बायकोला इतकं हायसं वाटलं की डोळे पुसता पुसता तिला हसू आलं.

तो खाली बसायला वाकला, तसं तिने त्याचं कोपर धरलं.

“राहा उभे,” ती म्हणाली, आणि या वेळी आवाज दाबला नाही. “मोजणी पुरी होऊ दे.”