रिकाम्या खुर्चीचा धाक

"तुला आता मारणारं कोणी राहिलं नाही, म्हणून हरतेस तू," रविकांत पोह्यांची बशी पुढे ओढत म्हणाले आणि स्वतःच हसले.

धनश्री हसली नाही. वडोदऱ्याच्या स्पर्धेत हरून ती आदल्याच दिवशी कोपरगावला घरी आली होती. हरली तीही नेहमीसारखीच, दहा-आठ अशी पुढे असताना. एक गुण घेतला की सामना खिशात, अशी वेळ आली की तिचा हात आखडायचा. मारायचा बॉल ती नुसता पलीकडे ढकलायची आणि समोरची मुलगी त्याचा समाचार घ्यायची. या मोसमात हे तिसऱ्यांदा घडलं होतं. ती ज्या कंपनीच्या संघाकडून व्यावसायिक टेबल टेनिस खेळायची, त्या संघाशी तिचा करार पुढे चालू राहणार की नाही, हे अहिल्यानगरच्या राज्य मानांकन स्पर्धेनंतर ठरणार होतं. स्पर्धा दोन आठवड्यांवर आली होती.

"बाबा, मी बावीस वर्षांची आहे."

"तेच तर. इथं होतीस तोवर अमृतसरांचा धाक होता. जा, चार दिवस सरांकडे जाऊन ये. नीट करतील ते."

रविकांत दुष्ट नव्हते. साखर कारखान्याच्या ऑफिसात हेडक्लार्क, आवाजही कधी चढवायचे नाहीत. पण पंधरा वर्षांपूर्वी लहानग्या धनश्रीला अमृतसरांच्या टेबल टेनिसच्या हॉलवर सोडताना ते हात जोडून म्हणाले होते, "सर, आजपासून ही तुमची. मारा, झोडा, पण खेळाडू करा." आपल्याकडे किती आईबाप शाळेच्या, शिकवणीच्या दारात हेच बोलून निश्चिंत मनाने घरी जातात! त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही.

आणि अमृतसरांनी खेळाडू केलीही. पहाटे पाचला हॉल उघडणारा माणूस. नाशिकला सामने असले की एसटीने तिला घेऊन जायचे, स्वतःच्या डब्यातली पोळी तिला द्यायचे. एकदा ताप चढला तर सकाळपर्यंत दवाखान्यात तिच्या उशाशी बसून राहिले. आणि तेच सर, सर्व्हिस चुकली की बॅटची कड मनगटावर हाणायचे. बॉल नेटमध्ये गेला की पाठीत धपाटा. टेबलाच्या बाजूला त्यांची लोखंडी खुर्ची असायची. तिथून ते उठले की पोरं जागच्या जागी थिजायची. चौदाव्या वर्षी धनश्री राज्यात पहिली आली आणि सगळं कोपरगाव म्हणालं, सरांच्या माराचं चीज झालं.

पुण्यातल्या तिच्या प्रशिक्षक इंदूताई मात्र तसं म्हणाल्या नव्हत्या. साठीच्या या बाई स्वतः एके काळी राष्ट्रीय स्पर्धा गाजवलेल्या. पुण्याहून घरी निघण्याआधी त्यांनी तिला वडोदऱ्याच्या सामन्याचा व्हिडिओ दाखवला. गुण गेला की धनश्रीचा डावा खांदा कानापर्यंत उचलला जात होता, डोळे क्षणभर मिटत होते आणि मग नजर बाजूला, कोर्टाशेजारी प्रशिक्षकासाठी ठेवलेल्या खुर्चीकडे वळत होती. दर वेळी तेच.

"चुकलं की खेळाडू बॅटकडे बघतो, टेबलाकडे बघतो," इंदूताई म्हणाल्या. "तू खुर्चीकडे बघतेस. का, ते मला नको सांगू. स्वतःला सांग."

धनश्रीला रागच आला होता. सवय असते एकेकाची, त्यात काय एवढं?

त्या सकाळी वडिलांचं ऐकून ती हॉलवर गेली. अमृतसरांच्या केसांत पांढरं वाढलं होतं. तिला पाहून त्यांचा चेहरा उजळला. "आली माझी वाघीण," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. भिंतीलगतच्या बाकावर पालक बसले होते. त्यात पुणतांब्याहून रोज एसटीने लेकीला घेऊन येणाऱ्या सुरेखाबाई होत्या. त्यांची दिपाली, अकरा वर्षांची, टेबलावर खेळत होती. तिचा बॉल नेटला लागला. सर खुर्चीवरून उठले आणि पोरीच्या पाठीत धपाटा बसला. बाकावरच्या सगळ्या माना खाली मोबाईलकडे वळल्या. धनश्रीला काहीच वाटलं नाही. उलट लहानपणच्या घरात आल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सरांना लग्नाला जायचं होतं. "आज तू घे वर्ग," ते म्हणाले.

धनश्रीने दिपालीला समोर घेतलं. पोर चपळ होती, नजर तेज होती, पण आखूड बॉल आला की पुढे जाऊन मारायचं सोडून ती तो भीत भीत परतवायची. धनश्रीने समजावलं. करून दाखवलं. पुन्हा तेच. पुन्हा समजावलं, पुन्हा तेच. डोक्यात वडोदरा होतं, करार होता, कालचे वडिलांचे शब्द होते. "अगं, मार ना!" ती ओरडली. दिपालीने बॉल ढकलला, तो नेटमध्ये गेला आणि धनश्रीचा हात उठला. फटका पोरीच्या खांद्यावर बसला.

धनश्री स्वतःच्या हाताकडे बघत राहिली. बाकावरून सुरेखाबाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "मारा ताई, मारा. तुमचा हात लागला म्हंजी तुमच्यावानीच व्हईल ती."

धनश्रीच्या अंगावर काटा आला. तिने घाईने पुढची सर्व्हिस टाकली. दिपाली चुकली. आणि बॉल जमिनीवर पडायच्या आत पोरीचा डावा खांदा कानापर्यंत उचलला गेला, डोळे मिटले, उघडले आणि नजर बाजूच्या लोखंडी खुर्चीकडे गेली.

धनश्रीने बॅट टेबलावर ठेवली. ती दिपालीजवळ जाऊन खाली बसली.

"बॉल येतो तेव्हा तू काय बघतेस गं?"

दिपालीने आईकडे पाहिलं, मग हळूच म्हणाली, "सर बसलेत का उठलेत, ते."

"सर तर आज नाहीयेत."

"हां. पण बघितलं जातं."

"मी तुला मारलं, ते चुकलं माझं," धनश्री म्हणाली. पोर गोंधळली. मोठ्या माणसाने असं काही म्हटलेलं तिने कधी ऐकलं नव्हतं.

घरी न जाता धनश्रीने हॉलच्या पायरीवरूनच इंदूताईंना फोन लावला. सगळं सांगितलं, स्वतःच्या हाताचंही. इंदूताई रागावल्या नाहीत.

"मार खाल्लेलं पोर एकच गोष्ट पक्की शिकतं, चूक टाळायला," त्या म्हणाल्या. "आठ-नऊ गुणांपर्यंत त्यावर भागतं. पण शेवटचा गुण घ्यायला जो फटका लागतो, तो चुकू शकणारा फटका असतो. तो मारायला चुकायची मुभा लागते. ती तुला कुणी दिलीच नाही, धनश्री. तू शिकलीस ती सरांच्या कष्टांमुळे. मारामुळे तू फक्त घाबरलीस. लोकांनी दोन्हीची गल्लत केली, आणि तूही केलीस."

"पण सरांना हे कसं सांगू?"

"ते तुलाच ठरवावं लागेल. पण न सांगता राहिलीस, तर उद्या त्या पोरीवर पुन्हा हात उठेल. कदाचित तुझाच."

दुसऱ्या दिवशी तिने वडिलांना बरोबर नेलं. हॉल भरलेला होता. दिपाली चुकली, सर उठले. धनश्री टेबल आणि सरांच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

"सर, हिला मारू नका."

अमृतसरांना आधी थट्टा वाटली. "का? तुला काय कमी मारलं मी? घडलीसच ना?"

"तुम्ही पहाटे हॉल उघडायचात, तुमच्या डब्यातलं मला द्यायचात, तासन् तास बॉल टाकायचात, त्यानं घडले. माराने नाही. माराने मी दहा-आठला हरायला शिकले." दिपालीला पाठीशी घेत ती पुढे म्हणाली, "काल माझाही हात उठला, सर. मला लाज वाटली. तुम्हाला दुखवायचं नाहीये मला. पण हे थांबायला पाहिजे."

सरांचा चेहरा पडला आणि मग लाल झाला. "दोन सामने टीव्हीवर दिसली म्हणून मला शिकवायला आलीस?" ते म्हणाले. "निघ इथून."

बाकावरच्या माना पुन्हा मोबाईलकडे वळल्या. रविकांत सरांपुढे हात जोडत पुटपुटले, "सर, पोर आहे, मनावर घेऊ नका," आणि तिला दंडाला धरून बाहेर घेऊन आले.

दोघं घरी आले. दार लागल्यावर स्फोट झाला. "ज्या माणसाने तुला हाताला धरून उभं केलं, त्याचा चार लोकांत अपमान? कृतघ्न आहेस तू."

धनश्रीने मोबाईलवर वडोदऱ्याचा व्हिडिओ लावला आणि त्यांच्यासमोर धरला. "बाबा, माझा गुण गेला की मी कुठे बघते, तेवढं सांगा."

रविकांत चष्मा चढवून बघू लागले. एक गुण गेला. आणखी एक गेला. "त्या खुर्चीकडे बघतेस."

"खुर्चीत कोण आहे?"

त्यांनी मोबाईल जवळ घेतला. त्या सामन्याला इंदूताई गेल्या नव्हत्या. "खुर्ची तर रिकामी आहे."

"मग मी कुणाला घाबरते, बाबा?"

व्हिडिओ चालूच होता. त्यांची बावीस वर्षांची लेक, अंगावर कंपनीचा टी-शर्ट, छातीवर नाव, एका रिकाम्या खुर्चीपुढे खांदा आवळून उभी होती. त्यांनी चष्मा काढला. तो पुसत म्हणाले, "मारा म्हणून मीच सांगितलं होतं त्यांना. ते एकटे नव्हते, मीही होतो."

दुसऱ्या दिवशी ते एकटेच हॉलवर गेले. परत आल्यावर तिला इतकंच सांगितलं, "मी माझे शब्द मागे घेऊन आलो. सर बोलले नाहीत माझ्याशी. पण सुरेखाबाई बोलल्या. दिपाली चुकली, सरांनी हात उगारला, तशा त्या बाकावरून उठून म्हणाल्या, 'न्हाई सर. आता न्हाई.' मग बाकीचेही दोघं-तिघं उठले."

अहिल्यानगरला उपांत्यपूर्व फेरीचा सामना पाचव्या गेमपर्यंत ताणला गेला. धनश्री दहा-आठ अशी पुढे. हात पुन्हा जड झाला. आखूड बॉल आला. ती पुढे झाली आणि पूर्ण ताकदीने मारला. बाहेर गेला. दहा-नऊ. खांदा वर गेलाच. खुर्चीत इंदूताई शांत बसल्या होत्या. तिने वर प्रेक्षकांत पाहिलं. एरवी गुण गेला की कपाळाला हात लावणारे रविकांत पुढे झुकून, ओठांनीच म्हणत होते, "पुन्हा मार."

तिने पुन्हा मारला. बॉल टेबलाच्या कोपऱ्यात बसला आणि समोरच्या मुलीची बॅट हवेतच राहिली.

उपांत्य फेरीत ती सरळ हरली. खांदा त्या सामन्यातही चार-दोनदा उचलला गेला. इतक्या वर्षांची भीती दोन आठवड्यांत जात नसते. कंपनीने करार एका वर्षाने वाढवला.

कोपरगावला परतल्यावर ती हॉलच्या दाराशी थबकली. आत दिपालीचा बॉल नेटला लागला. अमृतसर उठले. त्यांचा हात वर गेला, अर्ध्यावर थांबला आणि ते मान चोळत म्हणाले, "पुन्हा. आणखी पुढे जाऊन मार." मग त्यांचं लक्ष दाराकडे गेलं.

"आत ये. उभी काय राहिलीस?"

ती आत गेली. दोघं काही वेळ पोरीचा खेळ बघत राहिले.

"आम्हाला आमच्या मास्तरांनी सायकलच्या ट्यूबने झोडलंय," सर तिच्याकडे न बघता म्हणाले. "मला वाटायचं, शिकवणं म्हणजे हेच. हात अजून उठतो गं."

"माझाही उठला होता, सर."

मित्रहो, मारणारा हात एकाचा असतो, पण त्याला बळ देतात ती बाकावर बसून मोबाईलमध्ये घातलेली आपली डोकी. मूल चुकत असेल तर ते शिकत असतं. चुकायची मुभा दिली, तर ते एक दिवस मोकळ्या हाताने जिंकेलही. धाकाखाली वाढलेलं मूल मात्र मारणारा निघून गेल्यावरही कितीतरी वर्षं त्याच्याकडेच बघत राहतं. म्हणून पुढच्या वेळी असा हात उठताना दिसला, तर आपण बाकावरून उठायचं.