गिव्ह सुनेचं, गेव्ह माझं

इस्पितळाच्या धुलाईघरात खुर्ची एकच, आणि ती सुपरवायझरची. तिथे चादरींच्या घड्या घालणाऱ्या मावशींच्या गुडघ्यांनी उभ्या कामापुढे केव्हाच हात टेकले होते, त्यामुळे त्यांचा सगळा जीव त्या खुर्चीत अडकला होता. जुना सुपरवायझर निवृत्त झाल्याबरोबर त्यांनी अर्ज ठोकला. सून तिथेच इस्त्रीला होती, चांगली शिकलेली. तिच्याही मनात होतं, पण "एका घरातून एकच पुरे," म्हणून मावशींनी तिचं तोंड बंद केलं.

घोडं अडलं ते इंग्रजीपाशी. वॉर्डांतले फोन इंग्रजीत यायचे. चादरी दिल्या की द्यायच्या आहेत, एवढं तरी सांगता यायला हवं, म्हणून साहेबांनी ‘गिव्ह’ची तिन्ही रूपं पाठ करून यायला सांगितलं होतं. "त्यात काय एवढं!" असं म्हणून मावशी निमूटपणे सुनेपुढे शिकवणीला बसल्या.

बसून काही डोक्यात शिरेना. शेवटी सुनेनं चादर काढली. मोठ्या चादरीच्या घडीला दोन माणसं लागतात, दोन टोकं हिच्या हातात, दोन तिच्या. सून "गिव्ह" म्हणत पुढे यायची आणि आपली टोकं सासूच्या हातात द्यायची. सासू ती घेत "गेव्ह" म्हणायची. घडी पडली की दोघी मिळून "गिव्हन!" घरातल्या सगळ्या चादरी पुन्हापुन्हा उलगडल्या गेल्या. लग्न होऊन आल्यापासून सून सासूशी एवढं कधी बोलली नव्हती. मावशींना मोठी मजा येत होती, पण तसं कबूल करतील तर त्या मावशी कसल्या!

मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "मावशी, ‘देणे’ची इंग्रजी रूपं सांगा बघू."

मावशी दोन्ही हात पुढे करून उभ्या राहिल्या.

"साहेब, पहिलं सुनेचं असतं," त्या म्हणाल्या. "ती म्हणते, मग मी म्हणते. तिला बोलवा, मग बघा मी कशी धडाधड सांगते."

साहेबांनी हसू दाबत सुनेला बोलावलं. सून "गिव्ह" म्हणाली आणि मावशींची गाडी सुटली. मग साहेबांनी सुनेलाच इंग्रजीत चार गोष्टी विचारल्या. तिनं न अडखळता उत्तरं दिली.

"तुम्ही अर्ज का नाही केला?"

सुनेनं हळूच सासूकडे बघितलं. साहेबांना काय समजायचं ते समजलं.

खुर्ची सुनेला मिळाली. मावशींनी घरी अबोला धरला. राग सुनेचा कमी आणि स्वतःचाच जास्त होता, आपल्याच तोंडानं तिला आत बोलवायला सांगितलं म्हणून.

पहिल्याच दिवशी सून ती खुर्ची ओढत घडीच्या टेबलापाशी आली.

"आई, बसा."

"उपकार नकोत मला."

"उपकार कसले? मला दिवसभर वॉर्डांत हिंडायचंय, खुर्ची रिकामीच राहणार. बसा आधी."

मावशी बसल्या. गुडघ्यांना इतकं बरं वाटलं की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला त्यांनी ढिगातली चादर ओढली. दुसरी टोकं सुनेनं धरली. मावशी वाट बघत राहिल्या.

"बोल की गं."

"आज तुम्ही."

मावशींनी आपल्या हातातली टोकं पुढे केली.

"गिव्ह," त्या म्हणाल्या.