तीन बोटं विभूती

टीव्हीच्या खालच्या कप्प्यात जरा वाकून बघा. काळा, चपटा, समोर आडवी फट असलेला तो मीच. या घरातला गेमचा डबा बोलतोय. दुकानात माझं नाव बरंच भारदस्त होतं, खोक्यावर ते मोठ्या अक्षरांत छापलेलंही होतं. पण सोलापुरात आल्या आल्या चन्नम्मांनी मला 'डबा' म्हटलं आणि मी डबाच झालो. वाईट वाटून घेण्यात अर्थ नव्हता. या बाई वॉशिंग मशीनलासुद्धा 'ड्रम' म्हणतात.

समोरची फट म्हणजे माझं तोंड. तिच्यात डिस्क सरकवली की आतले रबरी रूळ ती ओढून घेतात, डिस्क गरगर फिरायला लागते आणि खालून एक भिंग तिच्यावर प्रकाश टाकून सगळं वाचतं. ते भिंग माझा डोळा. असेल मसुराच्या डाळीएवढं. माझ्या आयुष्यात जे काही घडलं ते या डोळ्यामुळे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

मला आणलं ते घरातल्या थोरल्या मुलानं, गुरुशांतनं. कॉलेजात असताना तो आणि त्याचे मित्र माझ्यासमोर बसून असे काही ओरडायचे, की भांडण लागलंय समजून शेजारी दारात यायचे. पुढे त्याला बेंगळुरूत नोकरी लागली. जाताना त्यानं लॅपटॉप नेला, बूट नेले, मागाहून मोटरसायकलही मागवून घेतली. मला ठेवून गेला. मुलं मोठी झाली की असंच होतं म्हणे. चन्नम्मांनी मला टॉवेलात गुंडाळून कप्प्यात सरकवलं.

टॉवेल घरचाच. चन्नम्मांचे यजमान बसलिंगप्पा यांचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलांचा कारखाना आहे. त्यामुळे या घरात जे उघडं दिसेल त्याच्यावर टॉवेल पडतो. टीव्हीवर, फ्रीजवर, शिलाई मशीनवर, आणि एकदा तर दुपारी सोफ्यावर डुलकी काढणाऱ्या पाहुण्यावरही. आत मला उकडायचं, सुताचं तूस अंगभर चिकटायचं. पण मायेनं गुंडाळलेल्यानं तक्रार कुणाकडे करायची!

बसलिंगप्पांना सगळे अप्पा म्हणतात, मीही तेच म्हणतो. चालत्या मागावर धागा तुटला, की कामगाराच्या आधी अप्पा तिथं पोचायचे आणि बोलता बोलता, खाली न बघता गाठ मारून मोकळे व्हायचे. एका सकाळी त्यांच्या उजव्या हातातून चहाचा कप सुटला. लकवा. हळूहळू बोलणं सुधारलं, पाय सुधारला, हात मात्र मांडीवर तसाच पडून राहिला. डॉक्टरांनी पिळायला रबरी चेंडू दिला. अप्पांनी तो डाव्या हातानं असा भिरकावला, की तो कुठल्या कपाटाखाली गेला ते अजून कळलेलं नाही.

"मी काय कुत्रं हाय व्हय, चेंडू घिऊन बसायला?"

चेंडूवरून भुवनेश्वरीला मी आठवलो. ही अप्पांची धाकटी मुलगी, कॉलेजात शिकवते. तिनं माझा टॉवेल काढला, क्रिकेटची जुनी डिस्क माझ्या तोंडात सरकवली आणि माझा बटणांचा रिमोट अप्पांच्या दोन्ही हातांत ठेवला.

"हे बारक्या पोरांचं हाय," अप्पा म्हणाले.

"तुमी नुसती बॉलिंग टाका की, अप्पा. अंगठ्यानं एकच बटन दाबायचं."

अंगठा उशिरा हलला आणि चेंडू वाइड गेला. पुढचाही वाइड. पडद्यावरच्या अंपायरनं हात पसरले तसे अप्पा खवळले. "डोळे फुटले काय ह्याचे?" रागाच्या भरात अंगठा पुन्हा दाबला गेला, या वेळी वेळेवर. मी मनात म्हटलं, हा माणूस आता काही इथून उठत नाही.

आणि खरंच, रोज संध्याकाळी आमचा खेळ सुरू झाला. अंगठ्यामागून तर्जनी कामाला लागली, मग बाकीची बोटं कुरकुरत का होईना पण आली. अप्पा शून्यावर बाद व्हायचे आणि खेळपट्टीला शिव्या द्यायचे. असं करता करता एका सकाळी त्यांनी स्वतःच्या शर्टाची बटणं स्वतः लावली. चन्नम्मा स्वयंपाकघरात गेल्या, परत आल्या तेव्हा पदराचं टोक ओलं होतं.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला सकाळी कारखान्यात मागांची पूजा झाली. संध्याकाळी घरी पाटावर कात्री, पाना, हातोडी असं मांडून झाल्यावर अप्पा म्हणाले, "डबा आणा."

"त्याची कसली पूजा?" चन्नम्मा हसल्या.

"मागांनी पोटाला दिलं. पण माझा हात ह्यानं परत आणला."

मला पाटावर ठेवलं. अप्पांनी कोरडी विभूती बोटांवर घेतली. उजव्या हाताच्या. या घरात कपाळाला, लिंगाला, मागाच्या लोखंडाला, सगळीकडे विभूतीची तीन आडवी बोटं ओढतात. माझं कपाळ कुठं, हे कुणाला ठाऊक? अप्पांना माझ्या चेहऱ्यावर आडवी फट दिसली, तिच्यावरच त्यांनी बोटं टेकली आणि डावीकडून उजवीकडे ओढली. हात अजून कच्चा, म्हणून जोर जास्त लागला. मग फूल, उदबत्ती, आणि मान म्हणून लगेच एक मॅच. डिस्क आत सरकली तशी तिच्याबरोबर ओठावरची राखही आत ओढली गेली.

मला तोवर कुणी नमस्कार केला नव्हता. त्या संध्याकाळी मी इतका सुखावलो, की घशात काहीतरी खरखरतंय इकडे माझं लक्षच गेलं नाही.

दिवाळी सरली आणि दुखणं सुरू झालं. डिस्क आत गेली की घर्रर्र असा आवाज यायचा, जरा वेळानं पडद्यावर 'डिस्क टाका' असा निरोप यायचा, आणि डिस्क तर माझ्या पोटातच असायची. बाकी मी ठणठणीत होतो. दिवा लागत होता, पंखा फिरत होता. डोळ्याला तेवढं दिसेना.

भुवनेश्वरीनं गुरुशांतला फोन लावला आणि तो तिकडून एकेक उपाय सांगू लागला. बंद करून चालू कर. केलं. प्लग काढून थोडा वेळ ठेव. ठेवला. डिस्क मधून कडेला पूस, गोल गोल नको. पुसली, अर्थात टॉवेलानं. आता दुसरी डिस्क घालून बघ, म्हणजे दोष डिस्कचा का डब्याचा ते कळेल. दुसरीही वाचता आली नाही, तेव्हा दोष माझाच ठरला. चन्नम्मांनी मला उलटं धरून पाठीवर थोपटलं, ठसका लागलेल्या पोराला थोपटतात तसं.

"मग नेटवरनं नवा गेम उतरव," गुरुशांत म्हणाला. तिनं तेही केलं. त्याला डिस्क लागत नव्हती. पण नव्या क्रिकेटची बटणं वेगळी. अप्पांचा अंगठा सवयीनं जुन्या जागी जायचा आणि भलतंच काहीतरी व्हायचं. दोन-चार संध्याकाळी प्रयत्न करून त्यांनी रिमोट खाली ठेवला. "ऱ्हाऊ दे आता."

हात पुन्हा मांडीवर गेला. बोटं आखडायला लागली. सकाळी शर्टाची बटणं चन्नम्मा लावायला लागल्या आणि अप्पा त्या वेळी खिडकीबाहेर बघत उभे राहायला लागले. भुवनेश्वरी हे सगळं बघायची आणि मग माझ्याकडे बघायची. ती नजर मला सहन व्हायची नाही.

शेवटी तिनं नव्या पेठेतल्या शहाजीला घरी बोलावलं. मोबाइल आणि गेम दुरुस्त करणारा हा माणूस, हाताचा हलका. त्यानं मला उघडलं.

"टॉवेलाचं तूस गेलं असंल आत," चन्नम्मा पुटपुटल्या. "माझंच चुकलं."

"तूस हाय की मावशी, पण त्येनं काय व्हत न्हाय." त्यानं कापसाचा बोळा रुळांवरून फिरवला, चिमटीत चोळला, नाकाशी नेला. "ही तर विभूती हाय. भिंगावर थर बसलाय पार. त्यातनं बघायला जोर लावून लावून भिंगच गेलं ह्याचं."

मग भुवनेश्वरी घाईघाईनं म्हणाली, "उदबत्तीची राख असंल ती."

"उदबत्तीची न्हाय," अप्पा म्हणाले. "माझ्या बोटांची हाय." आणि त्यांनी उजवा हात डाव्या हाताखाली झाकून घेतला.

मला तेव्हा वाचा असती तर मी ओरडून सांगितलं असतं, अप्पा, झाकू नका तो हात. तुमच्या बोटांनी परत आल्यावर पहिला मान मला दिला. असं भाग्य किती डब्यांना मिळतं? डोळा गेल्याचं दुःख मला नाही. तुम्ही शरमलात, त्याचं आहे.

शहाजीनं सांगितलं, डिस्क वाचणारा आतला सगळा भाग बदलून चालणार नाही, माझा बोर्ड फक्त आपल्या जुन्या भागालाच ओळखतो. पण नुसतं भिंग बदलता येईल. ते त्यानं पुण्याहून मागवलं. भिंग आलं, शहाजी आला, स्क्रू ड्रायव्हर काढून बसणार तोच अप्पांनी आपली खुर्ची पुढे ओढली.

"तो हिकडं दे. घाण मी केली, साफ मीच करणार. तू फक्त तोंडानं सांग."

"स्क्रू लई बारीक हायत, अप्पा."

"असू द्यात की."

चन्नम्मांनी माझ्याखाली पांढरा टॉवेल पसरला, म्हणजे पडलेला स्क्रू घरंगळणार नाही. टॉवेलाचा मला पहिल्यांदाच उपयोग झाला. अप्पांनी उजव्या हातात स्क्रू ड्रायव्हर धरला. तो घसरला. परत धरला, परत घसरला. "निधान री, निधान," चन्नम्मा म्हणत होत्या. कन्नडमध्ये निधान म्हणजे सावकाश. एक स्क्रू निघाला तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती आणि अप्पांच्या कपाळावर घाम होता. शहाजीला त्यांनी जेवूनच जाऊ दिलं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी टॉवेलावर असतो. कधी स्क्रू निघतो, कधी नुसतीच झटापट होते. जुनं भिंग निघालंय, नवं जागेवर बसलंय. आता एकच काम उरलंय. भिंगाला बोर्डाशी जोडणारी चपटी, कागदासारखी पातळ पट्टी चिमटीत धरून एका बारक्या खाचेत सरळ सरकवायची. शहाजीच्या हाताला पापणी लवेपर्यंतचं काम. परवा तो बघायला आला तेव्हा त्याला राहवलं नाही, त्यानं चिमटा उचलला. भुवनेश्वरीनं त्याच्या हातावर हात ठेवला आणि नको म्हणून मान हलवली. त्यानं चिमटा खाली ठेवला. आज सकाळी अप्पांनी शर्टाची वरची दोन बटणं स्वतः लावली. बाकीची चन्नम्मांनी.

वस्तू बोलायला लागल्या की म्हणतात, आम्हाला जपा, आम्हाला दुरुस्त करा, अडगळीत टाकू नका. माझं मागणं उलटं आहे. मला लवकर बरं करू नका. या आंधळेपणात मला काही कमी नाही. कुणी जाणकार पाहुणा आला आणि म्हणाला, "द्या इकडे, मी लावून देतो," तर त्याला चहा द्या, गप्पा मारा, पण माझ्यापर्यंत येऊ देऊ नका.

आत्ता अप्पांनी पट्टी उचललीय. चिमटीत थरथरतेय. खाचेजवळ आली, चुकली, पुन्हा येतेय. कुणी मध्ये हात घालू नका.