न आलेल्यांचं मत

हायडेलबर्गच्या मतदान केंद्रावर देवश्रीनं आयुष्यातलं पहिलं जर्मन मत टाकलं, होकाराचं. राज्यघटना बदलायची तर राज्यातल्या एकूण मतदारांपैकी निम्म्यांचा होकार लागतो; ही अट शिथिल करावी का, असा प्रश्न होता. आणि गंमत अशी, की ती अट बदलायलाही तीच अट लागू होती.

या मताच्या हक्कासाठी तिनं भारतीय पासपोर्ट परत केला होता. नेमकं त्याच आठवड्यात नाशिकला अण्णांनी, तिच्या वडिलांनी, अंथरूण धरलं. आता लागणारा भारताचा व्हिसा हातात पडेपर्यंत त्यांचा दहावासुद्धा उरकला होता.

संध्याकाळी निकाल लागला. होकार भरघोस पडले, तरी प्रस्ताव आपटला.

"जास्त मतं मिळूनही?" तिनं लेकीला विचारलं.

ईप्सितानं नेहमीसारखं जर्मनमध्येच उत्तर दिलं. अर्ध्याहून जास्त लोक घरी बसले, आणि जे येत नाहीत त्यांचा नकारच धरतात.

"पण एखादीला यायचं असेल, आणि येताच आलं नसेल तर?"

"हे बघ, आई, ते मोजणाऱ्याला कसं कळणार? आली नाही, म्हणजे नाही."

दहाव्याला घाटावर देवश्रीच्या भावानं, निहारनं, पिंडापुढे हात जोडून पुन्हा पुन्हा सांगितलं होतं, "अण्णा, ताईला यायचं होतं हो." कावळा काही शिवला नाही. शेवटी दर्भाचा लावावा लागला.