पिंपळीच्या गोठ्यातली बातमी

मी एक जुना रेकॉर्डर आहे, मित्रांनो. बारामतीतल्या एका छोट्या सामुदायिक रेडिओ केंद्राच्या कपाटात, वायरींच्या गुंडाळ्याखाली मी पडून असतो. माझे लाल बटण दोनदा दाबल्याशिवाय लागत नाही. बॅटरीचे झाकण रबराने बांधलेले आहे. आयुष्यभर मी दुसऱ्यांचे आवाज जपले. आता थकलो आहे, तेव्हा थोडे स्वतःचे सांगतो.

माझा जन्म कुठल्याशा लांबच्या कारखान्यात झाला. तिथले मला काही आठवत नाही. मला खरी जाग आली ती अंजलीताईच्या हातात. अंजलीताई केंद्रावर बातम्या सांगत असे. गावाची बातमी शहराला कळवायची आणि शहराची गावाला, हे तिचे काम. तिच्या स्कूटीच्या डिकीत बसून मी इंदापूर तालुकाभर हिंडलो. पळसदेवला उजनीचे पाणी उतरले की होड्या कुठे लागतात, नरसिंहपूरच्या यात्रेला एसटी कुठवर जाते, बारामतीच्या सरकारी दवाखान्यात डोळ्यांचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात, हे सारे माझ्यातून लोकांपर्यंत गेले. धूळ फार खाल्ली, पण लोक मला पाहून खुर्ची पुढे सरकवत. तो मान मी विसरलो नाही.

मग लंपीचे वर्ष आले. गाईंच्या अंगावर गाठी उठू लागल्या. ताप चढे, जनावर चाऱ्याला तोंड लावीना. त्याहून वेगाने फोनवर एक बातमी पसरली, की अशा गाईचे दूध प्यायले तर लहान मुलांच्या अंगावरही गाठी येतात. ती कुणी लिहिली, कुणालाच ठाऊक नव्हते.

पिंपळीच्या मालनबाईंच्या दोन गाई होत्या. त्या बारामतीच्या एका कॉलनीत घरोघरी दुधाचा रतीब घालत. त्यांच्या तांबड्या गाईला लंपी झाला, तेव्हा त्यांनी तिला वेगळे बांधले आणि तिचे दूध किटलीत घालणे बंद केले. पण कॉलनीतल्या रेश्माताईंनी दारातूनच उद्यापासून दूध नको म्हणून सांगितले. मग शेजारच्या घरांनीही तेच केले. चांगल्या गाईचे दूधही भरल्या किटलीत परत येऊ लागले.

एका सकाळी मालनबाई तशीच भरलेली किटली घेऊन केंद्रावर आल्या. आपले म्हणणे रेडिओवर सांगायचे आहे, एवढेच त्या म्हणाल्या. अंजलीताईने मला उचलले आणि त्यांच्या गोठ्यात नेले. जनावरांच्या डॉक्टरांनाही बोलावून घेतले. हा आजार माणसाला होत नाही, दूध उकळून खुशाल प्या, आणि निरोगी जनावरांना लस टोचून घ्या, असे डॉक्टरांनी नीट समजावून सांगितले.

एवढ्यात शेजारचे जोतीराम तात्या आले. त्यांच्या गोठ्यातही एका गाईला गाठी होत्या, पण त्यांनी ते कुणाला कळू दिले नव्हते. गावात बऱ्याच जणांचे तसेच होते.

“वैनी, आजाराचं नाव काढू नका रेडिओवर,” ते हळूच म्हणाले. “तुमच्यासंगं आमचंबी दूध बंद पडंल.”

मालनबाईंनी तांबडीच्या पाठीवरची माशी हाकलली. मग माझ्याकडे वळल्या.

“मी मालनबाई, पिंपळीची. माझ्या गाईला लंपी झालाय. तिचं दूध मी कुणाला घालत न्हाय. दुसरी गाय चांगली हाय, तिचंच दूध माझा नातू पितोय. त्याला काय मी इख पाजीन व्हय?”

जोतीराम तात्या तसेच माघारी फिरले.

अंजलीताई तिथून थेट रेश्माताईंच्या दारी गेली. त्यांनाही तिने बोलू दिले. त्यांचे बाळ लहान होते, फोनवरचा फोटो पाहून त्या घाबरल्या होत्या. अंजलीताईने त्यांना मालनबाईंचा आवाज ऐकवला. रेश्माताईंनी तो शेवटपर्यंत ऐकला. मग म्हणाल्या, “मी त्यांना कधी विचारलंच नाही.”

संध्याकाळी दोघींचे बोलणे आणि डॉक्टरांचे सांगणे एकत्र प्रसारित झाले. दुसऱ्या दिवशी रेश्माताई स्वतः भांडे घेऊन कॉलनीच्या गेटपाशी उभ्या राहिल्या. काही घरांनी रतीब पुन्हा सुरू केला, काहींनी कधीच केला नाही. त्याच आठवड्यात लशीच्या शिबिराला पहिली गुरे आणली ती जोतीराम तात्यांनी. घरच्या आजारी गाईचेही त्यांनी तिथे सांगून टाकले, आणि त्यांच्यामागे आजार लपवलेले बरेच गोठे उघडे झाले. पळसदेवहूनही लोकांनी केंद्रावर फोन करून शिबिराची चौकशी केली.

तांबडी मात्र वाचली नाही. मालनबाईंनी पुन्हा मला मागवून घेतले. डोळे कोरडे होते, आवाज बसला होता. “माझी गेली,” त्या म्हणाल्या. “तुमची जाऊ नये. लस घ्या.” इतकेच. तेवढे बोलणे साठवताना मला जितके जड वाटले, तितके पुढे कधीच वाटले नाही.

नंतर नवे फोन आले. रेकॉर्डिंग त्यांवरच होऊ लागले आणि मी कपाटात गेलो. त्याचे मला वाईट वाटत नाही, वय झाले आहे. शीण येतो तो दुसऱ्याच गोष्टीने. हल्ली बातमी येते आणि अंगठ्याच्या एका स्पर्शाने पुढे जाते. ज्याच्या घरची ती बातमी, त्याच्या दारात कुणी उभे राहत नाही. कपाटाच्या फटीतून मी हे रोज ऐकतो.

मित्रांनो, माझी धूळ पुसू नका, नवी बॅटरीही घालू नका. पण कुणाविषयी काही ऐकलेत, तर पुढे सांगण्याआधी त्याच्या दारी जा. मला सोबत नेले नाही तरी चालेल. तुम्ही जा, आणि त्याला बोलू द्या.